हात न लागलेलं रान

मेरुआंग नदीकाठच्या लांबघराचे, म्हणजे एकाच लांब छपराखाली नांदणाऱ्या आख्ख्या गावाचे, मुखिया आपाई जांतिंग यांना पाहुण्याचं तोंड पडलेलं बघवत नसे. पाहुणा म्हणाला, "काय उकडतंय!" की हे कपाळ पुसायचे. पाहुणा म्हणाला, "गार वाटतंय नाही?" की हे पांघरूण ओढायचे. गुण म्हणून वाईट नाही, पण त्यापायी लांबघराच्या पदरात बरंच काही पडलं होतं. एका साहेबाला शेळ्यांचं प्रेम, म्हणून शेळ्या आल्या आणि चिखलानं खूर कुजून मेल्या. दुसऱ्याला तळ्यांचं वेड, म्हणून नदीला चिकटून मत्स्यतळं खणलं आणि पहिल्याच पुरात मासे माहेरी निघून गेले. प्रत्येक वेळी आपाई जांतिंग म्हणाले होते, "अगदी हेच आम्हाला हवं होतं."

त्यामुळे रान वाचवणाऱ्या संस्थेचा ओलाफ नावाचा उंच, गोरा, सदा घामेजलेला साहेब जेव्हा आला, आणि नदीच्या वरच्या अंगाला हात करून त्यानं विचारलं, "त्या रानाला माणसाचा हात कधीच लागलेला नाही, हो ना?" तेव्हा पुढचं ठरल्यातच जमा होतं. साहेबाच्या डोळ्यांत लहान मुलाची आशा होती.

"कधीच नाही," आपाई जांतिंग म्हणाले. "आमच्या वाडवडिलांनी तिकडे पायसुद्धा ठेवला नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांचा स्वतःचा जन्म त्या रानात झाला होता.

जुनं लांबघर तिथंच होतं. पुढं नदीनं पात्र बदललं, तशी माणसं खालच्या वळणावर आली, पण लोखंडासारख्या बेलियन लाकडाचे खांब तिथंच उभे राहिले आणि लावलेली झाडंही. आमच्यात झाड लावणाऱ्याचं. घर हललं म्हणून झाड परकं होत नाही. तिथली तेंगकावांगची झाडं इनी मेराणी नावाच्या म्हातारीनं नवी नवरी असताना लावली होती, खांबांना समांतर, ओळीनं. ओलाफनं वरून उडत्या यंत्रातून फोटो काढले, तेव्हा त्या ओळी बघून त्याला गहिवरून आलं होतं. "निसर्गाची शिस्त," तो म्हणाला होता. निसर्ग कधीपासून रांगेत उभा राहायला लागला, हे त्याला विचारायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

इनी मेराणी कधीच गेली. झाडं तिच्या नातीकडे आली. नातीला सगळे इंदाई सेली म्हणत, म्हणजे सेलीची आई. पोराच्या नावानं आईबापाला ओळखायची आमची रीत, म्हणून तिचा नवरा आपाई सेली. सेली स्वतः पुतुसिबाऊला नर्सिंग शिकत होती. आज ना उद्या ती झाडं तिचीच व्हायची.

तेंगकावांग मोठं लहरी झाड. चार-पाच वर्षं नुसतं उभं राहील, आणि मग एका वर्षी असं फळेल की जमीन दिसणार नाही. त्या बिया वाळवून, कांडून, पिळून लोणी काढायचं आणि बांबूच्या नळीत ओतून ठेवायचं. तुपासारखं थिजतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. उरलेल्या बियांना बाजारात गिऱ्हाईक असतंच. यंदा झाडं फुलली होती, आणि यंदाच ओलाफच्या संस्थेनं ठरवलं होतं की रानाचे दोन भाग करायचे. खालच्या भागात लांबघरानं वेत, मध, फळं घ्यावीत. वरच्या, हात न लागलेल्या भागात कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि पडलेलं फळही उचलायचं नाही.

इंदाई सेली तडक मुखियांच्या खोलीत गेली. मुखियांना आमच्यात तुआई म्हणतात.

"तुआई, तुमची नाळ पुरलीय तिथं. आणि तुम्ही सांगता वाडवडिलांनी पाय ठेवला नाही?"

"अगं, जन्मलो तेव्हा माझे पाय कुठं टेकले होते जमिनीला?"

"थट्टा पुरे. माझ्या आजीची झाडं जातील ना!"

"जातील कशी? झाडांना काय पाय आहेत?" आपाई जांतिंगनी सुपारी तोंडात टाकली. "हे बघ, साहेब इतक्या लांबून आला. त्याला काय सांगू, की तुझ्या देवरानात आम्ही परसाकडला जायचो? तोंड पडलं असतं बिचाऱ्याचं."

"आणि माझं पडलं तर?"

"तू घरची आहेस," मुखिया म्हणाले. त्यांच्या मते एवढ्यात सगळं आलं.

पडताळणी व्हायची होती, तेवढी एक आशा होती. संस्थेचा माणूस येऊन रानाची हद्द पायी फिरणार होता. इंदाई सेलीनं मनाशी ठरवलं की आपण काही बोलायचंच नाही. गरम भात करायचा, त्यावर मागच्या फळाचं तेंगकावांगचं लोणी घालायचं आणि पुढ्यात ठेवायचं. वास घेतल्यावर माणूस विचारणारच, हे कुठलं? मग सांगायचं, तुमच्या हात न लागलेल्या रानातलं. आणि मग नेऊन खांब दाखवायचे.

पडताळणीला फौझान आला, पोंतियानाकचा, गोलमटोल, हसरा. त्याला आमची बोली समजायची. बरोबर ओलाफ होताच. सामाईक ओसरीवर चटया घातल्या, सगळं लांबघर जमलं, आणि इंदाई सेलीनं ताट आणून ठेवलं. वाफेबरोबर लोण्याचा वास सुटला. फौझानची मान आपोआप वळली. "आई गं," तो पुटपुटला, "लहानपणी खाल्लं होतं हे."

हात पुढे येणार, एवढ्यात ओलाफ खाकरला.

"नियम, फौझान. पडताळणीच्या काळात गावाकडून काही घ्यायचं नाही. अन्नसुद्धा."

"काही नाही?"

"पाणी आपण आणलंय."

फौझाननं हात मागे घेतला आणि खिशात घातला. खिशात घालूनही तो हात जरा धडपडत होता.

इथवर फक्त अपमान होता, आणि अपमान सोसायची सवय आम्हाला शेळ्यांपासून आहे. पण पाहुणे उठले, बूट चढवले आणि ताटाला बोटही न लावता शिडीकडे निघाले, तेव्हा ओसरीवर एकदम कालवा झाला. पुनी! समोर आलेल्या अन्नाला न शिवता जो घराबाहेर पडतो त्याला वाटेत घात होतो. कुणाला मगर ओढते, कुणाला साप डसतो, कुणावर झाड कोसळतं. खायलाच हवं असं नाही. भूक नसेल, घाई असेल, तर बोट टेकवायचं आणि चालायला लागायचं. एवढं दुधपितं पोरही जाणतं. आणि घात झालाच, तर ज्या घरचं ताट त्या घराला बोल.

"नुसतं बोट लावा हो!"

"एकच बोट! करंगळी चालेल!"

"काय म्हणतायत ते?" ओलाफनं विचारलं.

"ते... प्रवासाला शुभेच्छा देतायत," फौझान म्हणाला. त्याला काय सगळं ठाऊक नव्हतं? पोंतियानाकला त्याची आई दारात ताट धरून उभी राहायची, आणि बोट लावल्याशिवाय पोराला शाळेला सोडायची नाही. आईचा पोरगा आणि संस्थेचा नोकर एकाच शर्टात घालून तो शिडी उतरला. घामानं शर्ट निथळत होता.

इंदाई सेलीनं ताट उचललं आणि मागे धावली. खांबांचं, झाडांचं सगळं ती त्या क्षणी विसरली. डोक्यात एवढंच होतं की हा माणूस माझ्या ताटावरून न शिवता उठलाय, आणि याचं काही झालं तर ते माझ्या माथी. पुढे ओलाफ ढांगा टाकत, मधे फौझान रेंगाळत, मागे इंदाई सेली ताट सांभाळत, आणि तिच्या मागे निम्मं लांबघर, अशी ती मिरवणूक रानात शिरली.

ओढ्यावर एकच ओंडका टाकलेला, शेवाळलेला. पलीकडची चढण चढली की खांब. ओलाफ ओंडका पार करून गेला. फौझान मध्यावर थांबला, पुढे साहेबाची पाठ बघून घेतली आणि मागे हात करून कुजबुजला, "आण, इंदाई, आण लवकर! बोट लावतो अन् सुटतो."

तिनं ओंडक्यावर पाय ठेवला. ताट पुढे केलं. त्याचं बोट भातापासून वीतभर अंतरावर होतं.

"फौझान!" ओलाफ वळला होता.

चोरी पकडली गेल्यागत फौझाननं हात झटकन मागे खेचला. हात आला आणि तोल गेला. खाली पाणी गुडघाभरच होतं, पण त्याखाली दगड होते. हाड मोडल्याचा आवाज काठावर सगळ्यांनी ऐकला.

"पुनी," म्हाताऱ्या बायका एकमुखानं म्हणाल्या. दोघींनी पाण्यात उतरून त्याच्या कपाळाला, गालाला, दंडाला भात फासला. उशीर झाला होता, पण निदान पुढचं तरी टळावं. ओलाफ काठावरून ओरडत होता की जखमेला घाण लावू नका. फौझान भातानं माखलेला, डोळे मिटून आईला हाका मारत होता.

त्याला होडीत घालून खाली नेलं, आणि पडताळणी तिथंच संपली. चढण चढायचं राहिलं. इंदाई सेली रिकामं ताट घेऊन ओढ्याकाठी उभी होती, आणि आता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. मी मागे धावले नसते तर हा माणूस धडपणी पलीकडे गेला असता. खांब बघितले असते, झाडांच्या ओळी बघितल्या असत्या. त्याला वाचवायला गेले आणि आजीची झाडं घालवून बसले. तिला स्वतःचा असा संताप आला की तिनं ताट ओढ्यात भिरकावलं. मग उतरून परत आणलं, कारण ताट चांगलं होतं.

ओलाफनं अहवाल मुखियांच्या शब्दांवर आणि वरून काढलेल्या फोटोंवर पुरा केला. हात न लागलेलं रान. त्या सबंध भेटीत हात न लागलेली वस्तू खरं तर एकच होती, ती म्हणजे भात. पण भाताला अहवालात जागा नव्हती.

उद्घाटनाला मोठा फलक आला. इंदाई सेली सगळ्यांदेखत उठून उभी राहिली आणि सगळं बोलली. आजी, खांब, ओळी, लोणी. ओलाफला आमची बोली येत नव्हती, फौझान इस्पितळात होता, म्हणून भाषांतर करायला मुखिया पुढे झाले. चांगला वेळ ती बोलली. मुखियांनी ऐकून घेतलं आणि साहेबाला म्हणाले, "ती म्हणते, फार आनंद झाला."

नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

बायकांच्या हाताला काम हवं, म्हणून संस्थेनं साबण बनवायचं शिबिर भरवलं. तेल डब्यांतून आलं, पामचं. शेजारच्या नदीचं आख्खं रान तोडून जे मळे झाले, त्या मळ्यांचं. वेष्टणावर मात्र इनी मेराणीच्या झाडाचं चित्र, वर धनेश बसलेला, आणि खाली 'रान वाचवणारा साबण'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. इंदाई सेलीनं एक वडी वापरून बघितली. फेस होत नव्हता.

आणि रानाला राखणदार नेमला, गावातलाच हवा म्हणून आपाई सेली. हिरवा गणवेश, टोपी, शिट्टी. पगार सेलीच्या शिक्षणाला जायचा, त्यामुळे नको म्हणायची सोय नव्हती. गणवेश घालून तो पहिल्यांदा ओसरीवर आला, तेव्हा कुत्री भुंकली.

फळं पडायला लागली. घरात बसून इंदाई सेलीला ती पडताना ऐकू येत नव्हती, पण तिला वाटायचं येतायत. एका पहाटे तिनं वेताची टोपली पाठीला लावली, वाटेतल्या न्याहरीला भात बांधून घेतला आणि चढण चढली. फलकापाशी नवरा उभा होता.

"सेलीच्या आई, मागे फिर."

"कोण सांगतंय? माझा नवरा की तुझी टोपी?"

"टोपी," तो खाली बघत म्हणाला.

"बरं. मग टोपीनं भात तरी खावा." तिनं पुडी पुढे धरली.

त्यानं हात पुढे केला, आणि मग झाडाच्या बुंध्याकडे बघून थांबवला. गुडघ्याच्या उंचीवर एक डबी बांधली होती. "कॅमेरा आहे. जे हलेल त्याचा फोटो. माणूस दिसला तर माझी नोकरी गेली. कामावर असताना गावाकडून काही घ्यायचंही नाही."

"माझ्या हातचा भात गावाकडचा झाला?"

पण पुनी तर पुनी. कॅमेऱ्याकडे पाठ करून त्यानं पुडीला बोट लावलं. तेवढ्यानंही तिचा राग थोडा उतरला.

पलीकडे दोन रानडुकरं निवांत फळं फोडत होती.

"आणि ती?"

"डुकरं चालतात. डुकरं बघून साहेबाला आनंद होतो. जितकी जास्त तितकं चांगलं."

इंदाई सेलीनं डुकरांकडे बघितलं. डबीकडे बघितलं. मग कमरेला गुंडाळलेला काळा सारोंग सोडून डोक्यावरून, पाठीच्या टोपलीवरून ओढून घेतला, आणि आजीच्या झाडाखाली ती बाई चार पायांवर उतरली.

"अगं, काय करतेस हे?"

"शिट्टी वाजव ना. डुकराला शिट्टी वाजवतोस?"

आपाई सेलीनं टोपी काढली, पुन्हा घातली. "माणूस कुणी नाही," तो मोठ्यानं म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

दुसऱ्या पहाटेला शेजारणी आल्या. मग तर कळपच झाला. सुरुवातीला हसू आवरायचं नाही. एखादी मुद्दाम घुरघुरायची, बाकीच्या सारोंगात तोंड खुपसायच्या. पण चार पायांवर चढण चढून बघा म्हणजे कळेल. चारच दिवसांत हसणं संपलं आणि गुडघे सोलून निघाले. टोपल्या मात्र भरत होत्या.

फळांचा बहर सरला आणि ओलाफ आला. बरोबर फौझानही होता, काठी टेकत, एक पाय कायमचा फेंगडा. ओसरीवर पडदा लावला. धनेश दिसला, खवल्या मांजर दिसलं. मग एक करडं, धुरकट चित्र आलं. फुगलेली पाठ, खाली घातलेली मान, मागे तसलेच आणखी दोन उंचवटे.

"ही बघा!" ओलाफचा आवाज भरून आला. "एवढी मोठी रानडुकरीण मी कुठल्याच रानात बघितली नाही. रोज पहाटे, त्याच झाडांखाली! माणूस बाजूला झाला, आणि हिचा आख्खा कळप परतला!"

ओसरीवर कुणी खोकलं. आपाई सेली छपराचे वासे मोजायला लागला.

"अगदी खरं, साहेब," आपाई जांतिंग म्हणाले. "जुनी मादी आहे. भारी हट्टी."

शेजारणीनं इंदाई सेलीला चिमटा काढला. तिलाही वाटलं होतं आपल्याला हसू येईल. पण ती पडद्याकडे बघत राहिली, आणि तिला इनी मेराणी आठवली. म्हातारी त्याच झाडांखालून ताठ चालायची, प्रत्येक बुंध्यावर थाप मारत, पोरांची नावं घ्यावी तशी. आणि तिची नात बघा.

फौझान पडद्याजवळ सरकला होता. डुकरिणीच्या पुढच्या पायात शिंपल्याचं कडं होतं. त्यानं वळून इंदाई सेलीच्या मनगटाकडे बघितलं. मग तिच्यापुढच्या ताटाकडे. भात गरम होता, त्यावर नव्या फळाचं लोणी होतं. ओलाफनं तोंड उघडायच्या आत त्यानं पाचही बोटं भातात घातली आणि मोठा घास घेतला.

"फौझान, नियम!"

"औषध आहे," फौझान म्हणाला. "पायाचं."

ओलाफनं सोडून दिलं, आज तो आनंदात होता. "या बाईंना विचार, या प्राण्याबद्दल काय माहिती आहे. स्थानिकांचं ज्ञान मला हवंय."

इंदाई सेली उठून उभी राहिली. "सांग त्याला," ती म्हणाली. "ती झाडं तिच्या आजीनं लावली. तिच्या घराचे खांब अजून तिथं उभे आहेत. ती चोरी करत नाही, आपलं आहे ते उचलते. आणि सांग, आता तिचे गुडघे दुखतात."

फौझान घास चावत राहिला, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. एकीकडे नोकरी, एकीकडे मोडका पाय आणि तोंडात लोणी.

"त्या म्हणतात," तो अखेर म्हणाला, "हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या इथलाच आहे. ही फळं त्याच्या हक्काची आहेत."

ओलाफचे डोळे पाणावले. त्यानं ते शब्दशः लिहून घेतलं.

महिन्याभरात जुन्या फलकाखाली नवा फलक लागला. आपाई सेलीनं तो बायकोला वाचून दाखवला. 'या रानातली फळं इथल्या मूळ रहिवासी प्राण्यांच्या हक्काची आहेत. त्यांना कुणीही अडवू नये.'

"म्हणजे मला परवानगी मिळाली?"

"तुला नाही," तो म्हणाला. "डुकरिणीला."

इंदाई सेलीनं झाडांच्या ओळीकडे बघितलं. आता पुढचा बहर चार-पाच वर्षांनी, आणि तिचे गुडघे काही तेवढे टिकायचे नव्हते.

"सुट्टी लागली की सेलीला बोलावून घे," ती नवऱ्याला म्हणाली. "तिला रांगायला शिकवायचंय."